परदेशात बाइकच्या फ्रेमला तडा गेला तर वेल्डिंग कसं करून घ्यायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लांबच्या परदेश प्रवासात असलेल्या एका स्वाराला सीटखाली, मागच्या शॉकअपच्या वरच्या माउंटिंगच्या जरा मागे, डाव्या नळीवर तडा सापडलाय. फ्रेम लोखंडी आहे. दोन्ही बाजूंना डबे, वर बॅग. मोठं शहर दोन दिवसांवर आहे. जवळच्या गावात शेतीची अवजारं दुरुस्त करणारा एक वेल्डर आहे आणि त्याच्याकडे साधं आर्क मशीन (विजेच्या ठिणगीने रॉड वितळवून जोडणारं) आहे. त्याच्याकडून करून घ्यावं, की नवी फ्रेम मागवून तिची वाट बघावी?

करून घ्या. नवी फ्रेम मागवायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. तुमची बाइक त्या देशात तात्पुरत्या आयातीवर आलेली आहे. कार्ने (गाडी तात्पुरती देशात आणण्याचं कस्टमचं पुस्तक) असो किंवा सीमेवर मिळालेला परवाना असो, त्यावर फ्रेमचा नंबर लिहिलेला आहे आणि त्याच नंबरची गाडी तुम्ही देशाबाहेर नेणं अपेक्षित आहे. फ्रेम बदलली की कस्टमच्या लेखी ती गाडी वेगळीच झाली. आरसी, विमा, कार्ने यांतला कुठलाच कागद मग जुळत नाही. म्हणून प्रवासात फ्रेम वाचवायची असते. आणि नंबर जिथे ठोकलेला असतो (बहुतेक बाइकवर स्टिअरिंग हेडच्या नळीवर) तिथे कुणालाही ग्राइंडर लावू देऊ नका. काम सुरू करण्याआधी त्याचा आणि तड्याचा फोटो काढून ठेवा.

आता तडा कुठे आहे यावर सगळं ठरतं. तुमचा आहे मागच्या भागात, सीट आणि सामान पेलणाऱ्या नळीवर. कॅरिअर, डब्यांचे ब्रॅकेट, फुटरेस्ट, साइड स्टँडचा कान हे सगळं याच जातीचं. हे मोडलं तर डबा रस्त्याला घासेल, पडाल, पण बहुधा उठून बसाल. इंजिनच्या पुढून खाली येणारी नळी किंवा टाकीखालची मुख्य नळी मधेच तडकली असेल तर हात चांगला असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं आणि पुढे जपून जायचं. पण स्टिअरिंग हेडच्या जोडाशी किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्यावर) तडा असेल तर त्या गावातला आर्क वेल्डर कितीही भला माणूस असला तरी बाइक ट्रकवर चढवा आणि शहर गाठा. हेडपाशी जोड सुटला तर पुढचं चाक एकीकडे जातं आणि तुम्ही दुसरीकडे. कुणी एम-सील, इपॉक्सी, फायबर सुचवलं तर हसून नाही म्हणा.

वेल्डरपर्यंत पोचायचंच असेल तर तात्पुरता आधार देता येतो. टायर लिव्हर किंवा लोखंडी अँगलचा तुकडा नळीला लावून चार-पाच होज क्लिपांनी आवळायचा, सगळं सामान उतरवून दुसऱ्या गाडीत टाकायचं आणि तीस-चाळीसच्या वेगाने जायचं. हा उपाय फक्त मागच्या नळ्यांसाठी.

तडा नक्की केवढा आहे हे आधी बघा. डोळ्याला दिसतो त्यापेक्षा तो नेहमी लांब असतो. रंगावर गंजाची केसासारखी तपकिरी रेघ दिसते, ती खरी खूण. रंग दोन्ही बाजूंना बोटभर रुंद खरवडून काढा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, रॉकेल किंवा पातळ तेल लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची भुकटी चोळा. तड्यात शिरलेलं तेल खडूत वर येतं आणि रेघ स्पष्ट उमटते. एका म्हाताऱ्या वेल्डरला मी याहून सोपं करताना पाहिलंय. त्याने छोट्या हातोडीने नळी टकटक वाजवत नेली. सगळीकडे टण्ण आवाज येत होता, एका ठिकाणी तो बद्द झाला. तिथे मला काहीच दिसत नव्हतं. रंग काढल्यावर दुसरा तडा निघाला.

एक बाजू तडकली असेल तर दुसऱ्या बाजूची तीच जागा नक्की तपासा. उजव्या नळीवर डावीचा सगळा भार आलेला असतो.

धातू कोणता ते चुंबकाने बघा. चिकटलं तर स्टील, पुढचं वाचा. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम, आणि मग गावातला आर्कवाला तुमच्या कामाचा नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा २००० अंशांच्या वर. तो फोडायला एसी टिग किंवा निदान चांगलं मिग मशीन (दोन्ही गॅसच्या आवरणात वेल्ड करणारी) लागतं. शिवाय ६०६१-टी६ सारख्या मिश्रधातूत वेल्डशेजारचा पट्टा सुमारे ४० टक्के ताकद घालवून बसतो, आणि कारखान्यातल्या भट्टीशिवाय ती परत येत नाही. तिथे दुरुस्ती म्हणजे पुढच्या शहरापर्यंतची सोय एवढंच.

टिगवाला शोधायचा तर मोटरसायकलच्या दुकानात जाऊ नका. दुधाचे टँकर, स्टीलची भांडी-टाक्या, होड्या बनवणाऱ्यांकडे टिग असतं. लोखंडासाठी ट्रेलर, बस, खाणीची यंत्रं, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे लोक उत्तम. भाषेची अडचण असेल तर दोन-चार शब्द पाठ करून ठेवा: स्पॅनिशमध्ये सोल्दादोर, फ्रेंचमध्ये सूद्यर, तुर्कीत काइनाकची, फारसीत जूशकारी, अरबीत लिहाम, रशियनमध्ये स्वार्का. रशियन चालते त्या पट्ट्यात ॲल्युमिनियमचं काम असेल तर नुसतं 'अर्गोन' म्हटलं तरी लोक बरोबर दुकान दाखवतात. स्पॅनिशमध्ये मात्र सांभाळा, सोल्दार म्हणजे वेल्डिंगही आणि डाग देणंही. हातात तड्याचा फोटो असला की घोळ होत नाही.

वेल्डर मिळाला. आता तुमचं काम सुरू होतं, आणि ते त्याच्या कामापेक्षा जास्त आहे. वेल्डिंग त्याला तुमच्यापेक्षा चांगलं येतं, पण त्याचा हात आठ-दहा मिलिमीटरच्या पट्ट्यांवर बसलेला आहे. नांगराचा फाळ आणि बाइकची नळी यांत फरक आहे. तुमच्या नळीची जाडी दीड ते अडीच मिलिमीटर. त्याच्या मशीनवर करंट फाळाचाच लावलेला असणार. रॉड टेकवला की नळीला भोक, मग भोक बुजवायला आणखी माल, मग आणखी उष्णता. म्हणून बाइकला हात लावण्याआधी भंगारातून त्याच जाडीच्या नळीचे दोन तुकडे शोधा आणि त्याला म्हणा, आधी हे जोडून दाखवा. जोड थंड झाला की व्हाइसमध्ये धरून हातोडीने वाकवा. नळी वाकली आणि जोड टिकला तर काम त्याला द्या. जोडावरच तुटलं तर तुटलेली बाजू बघा. स्वच्छ धातूची आणि अखंड हवी. आत काळे ठिपके किंवा स्लॅग (रॉडच्या आवरणाची काचेसारखी राख) दिसला तर करंट, रॉड किंवा हात, काहीतरी बदलायला हवं. कुठलाही वेल्डर या परीक्षेला वाईट मानत नाही, उलट चांगल्याला गंमत वाटते.

रॉड शक्यतो २ मिलिमीटरचा ६०१३ (हा रॉडच्या जातीचा नंबर, पाकिटावर असतो). करंट साधारण ४५ ते ६५ अँपिअर. २.५ चाच असेल तर ६५ ते ९०. डीसी मशीन असेल तर रॉड निगेटिव्हला लावा, पातळ नळीला भोक पडायची भीती कमी होते. कुणी ७०१८ चा आग्रह धरला तर पाकीट कधी उघडलंय ते विचारा. तो रॉड दमट हवा शोषतो आणि ओलावा वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो, त्याने नंतर बारीक तडे जातात. ताज्या किंवा भट्टीत ठेवलेल्या पाकिटातला ७०१८ उत्तमच, पण महिनाभर कपाटावर पडलेल्यापेक्षा साधा कोरडा ६०१३ परवडला. नळी क्रोमोलीची (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची) असेल, म्हणजे हलकी, पातळ आणि कडक, तर एकच गोष्ट पाळा: वेल्ड झाल्यावर पाणी किंवा ओलं फडकं लावून थंड करायचं नाही. हवेत आपोआप थंड होऊ द्यायचं. खरं तर ही गोष्ट साध्या स्टीललाही पाळा.

त्याच्याकडे गॅस असेल आणि तो पितळी रॉडने ब्रेझिंग (नळी न वितळवता पितळ वितळवून जोडणं) करतो म्हणाला तर क्षणभर थांबा. ब्रेझिंग चांगलं असतं, तापमान कमी लागतं, पातळ नळीला सोसतं. पण हा रस्ता एकेरी आहे. एकदा तड्यात पितळ गेलं की तिथे नंतर नीट आर्क वेल्डिंग होत नाही, कारण तापल्यावर तांबं स्टीलच्या कणांच्या सीमांमध्ये शिरतं आणि ते ठिसूळ करतं. पुढे मोठ्या शहरात पक्कं काम करून घ्यायचा बेत असेल तर आत्ता पितळ नको.

बाइक उघडायला वेळ द्या. टाकी काढा आणि दुकानाबाहेर, ठिणग्यांपासून लांब ठेवा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून वाईट, कारण पेटते ती वाफ. सीट, एअर फिल्टरचा डबा, वायरिंगचे गुच्छ, ब्रेकची नळी जिथे जवळ असेल तिथून बाजूला करा, जे निघत नाही त्यावर ओलं जाड फडकं. काही जुन्या सिंगल सिलिंडर बाइकमध्ये, उदाहरणार्थ यामाहा एक्सटी ५०० मध्ये, इंजिनचं तेल फ्रेमच्या नळीतच असतं. तशी असेल तर तेल काढून आतून धुतल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही.

तेलकटपणा काढायला क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनर अजिबात वापरू नका. त्याचा अंश राहिला आणि त्यावर आर्कची उष्णता व अतिनील किरणं पडली तर फॉस्जिन तयार होतो. हा विषारी वायू आहे आणि फार थोडा पुरतो. साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, हवं तर ॲसिटोन पूर्ण उडून जाईपर्यंत थांबून.

विजेचं: बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, मग पॉझिटिव्ह, आणि बॅटरी बाहेरच ठेवा. ईसीयू (इंजिनचा संगणक), एबीएसचं (ब्रेकचं) युनिट आणि रेग्युलेटर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) यांचे प्लग काढा. मी एकदा फक्त बॅटरी काढली आणि रेग्युलेटर तसाच ठेवला. वेल्ड सुंदर झाला, बाइक सुरू झाली, आणि दोनशे किलोमीटरवर बॅटरी मेली. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या जागेपासून वीतभर अंतरावर, त्याच नळीवर, रंग खरवडलेल्या जागी. वेल्डरला सवय असते चाकाला किंवा हँडलला क्लॅम्प लावायची. तसं केलं तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगच्या गोळ्यांवर डाग पडतात. ते आज कळत नाही, हजार किलोमीटरवर हँडल अडखळायला लागलं की कळतं.

इंजिन मात्र शक्यतो काढू नका. ते फ्रेमला धरून ठेवणारं फिक्स्चर आहे. बाइक मेन स्टँडवर किंवा ठोकळ्यांवर उभी करा, मागच्या नळीवर सामानाचा किंवा माणसाचा भार नको. तडा उघडा पडला असेल तर रॅचेटचा पट्टा लावून किंवा खालून जॅक देऊन आधी तो मिटवून घ्या. मग दोन्ही बाजूंची मापं घ्या, म्हणजे शॉकअपच्या बोल्टपासून सीटच्या शेवटच्या बोल्टपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे. चॉकने लिहून ठेवा. वेल्ड थंड होताना आकसतो आणि नळी आपल्याकडे ओढतो. माप नसेल तर ओढलं की नाही हेच कळणार नाही.

तड्याच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा, दिसणाऱ्या टोकाच्या किंचित पुढे. तड्याचं टोक सुईसारखं असतं, सगळा ताण तिथे गोळा होतो. भोक पाडलं की टोक बोथट होतं आणि तडा तिथे अडतो. मग ग्राइंडरच्या पातळ चकतीने किंवा कानशीने तड्याच्या रेषेवर व्ही आकाराची खाच करा, दोन्ही बाजू मिळून साधारण ६० अंश, आणि तळाशी जेमतेम एक मिलिमीटर धातू राहू द्या. ही खाच नसेल तर वरून रॉड फिरवून फक्त झाकण बसतं, आत तडा तसाच. फ्रेमवर सापडणाऱ्या जुन्या 'दुरुस्त्या' बघितल्या की निम्म्या अशाच निघतात, वरून जाड मलई, आत उघडी फट.

आधी चार टाके (नळी जागेवर धरणारे वेल्डचे छोटे ठिपके), समोरासमोर. माप परत बघा. मग छोटे छोटे तुकडे, एका बाजूला दोन सेंटिमीटर, थांबा, दुसऱ्या बाजूला दोन. प्रत्येक तुकड्यानंतर स्लॅग हातोडीने काढून ब्रशने साफ. घाई इथेच नडते. वेल्डर एका दमात संपवायला बघतो, कारण त्याच्यासाठी हे पाच मिनिटांचं काम आहे. त्याला चहा पाजा, गप्पा मारा, पण थांबवा.

आता पट्टी. नुसता तडा भरला तर तो त्याच रेषेच्या शेजारी परत जातो, कारण वेल्डला लागून असलेला तापलेला पट्टा हा मूळ नळीपेक्षा कच्चा. म्हणून वर आधार हवा. पण कसा? माझी पहिली दुरुस्ती मी अशी करून घेतली होती: चार मिलिमीटरचा चौकोनी पत्रा, चारी बाजूंनी भरगच्च वेल्ड. बघायला रणगाडा. नऊशे किलोमीटरवर नळी तुटली, पट्टीच्या मागच्या काठाशी, अगदी सुरीने कापल्यासारखी सरळ. जाड पट्टीने नळीचा तेवढा भाग दगड केला आणि सगळं वाकणं तिच्या काठावर, आडव्या वेल्डच्या रेषेत, येऊन बसलं.

पट्टी नळीच्याच जाडीची हवी, जास्त नाही. आकार शंकरपाळ्यासारखा, लांब निमुळती दोन टोकं नळीच्या दिशेला, नळीच्या गोलाईवर ठोकून बसवलेली. वेल्ड तिरक्या कडांवर करायचा आणि दोन्ही टोकांवरचा अर्धा-एक सेंटिमीटर मोकळा सोडायचा. नळीला आडवी वेल्डची रेघ कुठेही नको. याने कडकपणा हळूहळू वाढतो आणि हळूहळू उतरतो, ताण एका जागी साठत नाही. पूर्ण तुटलेली नळी असेल तर आत घट्ट बसणारा तुकडा सरकवून, बाहेरच्या नळीला दोन-चार भोकं पाडून त्यातून तो वेल्ड करतात, हे त्याहून चांगलं. पट्टीसाठी पत्रा उचलताना चकचकीत जस्त चढवलेला नको. वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने रात्री ताप भरतो आणि वेल्डमध्येही बुडबुडे राहतात. पाण्याच्या पाइपचा तुकडा हाताशी असतो म्हणून घेतात, तो बहुतेक असाच असतो.

वेल्डर म्हणेल, आणखी एक पट्टी मारू, आणखी मजबूत होईल. नको म्हणा. हा संवाद प्रत्येक देशात होतो.

काम चालू असताना तुम्ही पकडून उभे असाल तर आर्ककडे बघू नका, गॉगल असला तरी. आर्क लागल्याचं तेव्हा कळत नाही. सहा ते बारा तासांनी, मध्यरात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी बाइक चालवणं अशक्य.

जिथे मशीनच नाही तिथे गाडीच्या दोन-तीन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या ओळीत जोडून, जंपर केबलने ६०१३ पेटवता येतो. दोन बॅटऱ्यांवर रॉड चिकटत राहतो, तीनवर बरा चालतो. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, म्हणून वेल्डची जागा बॅटऱ्यांपासून लांब हवी आणि शेवटचा जोड बॅटरीवर करू नये. हे कॅरिअरसाठी ठीक, तुमच्या नळीसाठी वेल्डर असताना नको.

तडा गेला कशामुळे ते शोधल्याशिवाय निघू नका, नाहीतर शंभर टक्के परत जाईल. तुमच्या बाबतीत माझा अंदाज सामानाचा आहे. वजन मागच्या चाकाच्या धुऱ्याच्या मागे गेलं की मागची नळी तरफेसारखी वाकते, आणि खड्ड्यात तेच वजन कित्येक पट होऊन आपटतं. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, ट्यूब, टाकीवर किंवा तिच्या बाजूला पुढे आणा. वरच्या बॅगेत कपडे आणि झोपायची पिशवी, बस. शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली आहे ते) वाढवा. शॉकअप तळाला आपटत असेल तर तो धक्का सरळ त्याच्या वरच्या माउंटिंगला बसतो, म्हणजे तुमच्या तड्याच्या शेजारी. इंजिनचे आणि मागच्या फ्रेमचे सगळे बोल्ट पान्याने बघा. एखादा सैल निघाला तर बहुधा तोच चोर.

शेवटी रंग. जागा स्वच्छ करून पातळ पांढरा स्प्रे मारा, काळा नको. पांढऱ्यावर नवा तडा गंजाच्या रेघेने लगेच ओरडतो. पहिल्या ५० किलोमीटरला थांबून बघा, मग १५० ला, मग रोज रात्री टॉर्च लावून, साखळीला तेल घालताना. पट्टीच्या टोकांकडे आधी बघा, नंतर उजव्या नळीकडे. रेघ दिसली तर टोकाला पुन्हा ३ मिलिमीटरचं भोक, सामान उतरवा आणि ट्रक शोधा. त्याच जागी दुसऱ्यांदा वेल्ड चढवू नका. तिथे आता नळी कापून नवा तुकडा घालायला लागेल आणि ते काम शहरातच होईल.

घरी परतल्यावर वेल्ड चांगला दिसत असला तरी फ्रेम उघडून एकदा तपासून घ्या. जर्मनीसारख्या देशांत तांत्रिक तपासणीत फ्रेमवरचं हाताने केलेलं वेल्डिंग सहज खपत नाही. प्रवास तिथून पुढे जाणार असेल तर त्या वेल्डरकडून दोन ओळींची पावती आणि कामाचे फोटो जवळ असू द्या.